कुलरापुढची पावडर

पंजाबराव मुनेश्वर या माणसाचा जगातल्या कोणत्याही लेबलावर विश्वास नव्हता. आणि नोकरी मिळाली ती यवतमाळच्या आमच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, जिथे हजारभर लेबलं. नवी बाटली आली की बूच उघडून, हातानं वारा घेत ते वास घेणार आणि मग झाकणावर स्वतःच्या अक्षरात तारीख टाकणार. कंपनीची छापील तारीख त्यांना पटत नसे. घाटंजीकडे, त्यांच्या गावी, थोरला भाऊ पाण्याचं लेबल असलेल्या बाटलीतलं फवारणीचं औषध पाणी समजून प्यायला होता. वाचला, पण हात कायमचे कापरे झाले. दुधानं तोंड पोळलं भावाचं, आणि ताक फुंकून प्यायला लागले हे.

मी तिथे पीएच.डी. करत होते. माझं काम रेणूंची एक खास साखळी बनवायचं. तिचा अर्धा भाग पाण्यात रमणारा, अर्धा पाण्याला विटलेला. अशा साखळ्या पाण्यात सोडल्या की विटलेले भाग आत तोंड लपवतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळ्या तयार होतात. त्या गोळ्यांच्या पोटात कपाशीवरचं औषध भरायचं, म्हणजे थोडक्या फवाऱ्यात भागेल, असा माझा बेत होता. साखळी नीट जमली की नाही हे नागपूरच्या यंत्रावर कळायचं. जमली तर आलेखात एकच उंचवटा. माझ्या आलेखात मात्र, एक वेळ सोडली तर, दरवेळी दोन येत. दुसरा उंचवटा म्हणजे आत कुठून तरी पाणी शिरलंय आणि तिथून वेगळ्याच आखूड साखळ्या सुरू झाल्यात.

पाणी शिरतंय कुठून? काचेची भांडी धुणार पंजाबराव, भट्टीत सुकवणार पंजाबराव, किल्ल्या पंजाबरावांकडे. शिवाय मी साखळीच्या कच्च्या मालाची पावडर तोलायला बसले की हा गृहस्थ कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडे बघायचा, जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर काहीतरी लिहायचा आणि माझी नजर गेली की वही मिटायचा. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. कोणासाठी लिहितात हे? कोणाला देतात? भर मे महिना, बाहेर चव्वेचाळीस, आणि माझं काम सुरू झालं की हे गुपचूप कुलर बंद करायचे. मी चालू करायची, ते बंद करायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, कुलरापुढं कुरडई सादळते." मी म्हटलं, काका, इथे आपण कुरडया तळत नाही. मला वाटलं, चांगली जिरवली.

चौथ्यांदा दोन उंचवटे आले तेव्हा माझे मार्गदर्शक राठोड सर म्हणाले की जूनअखेर नमुना शुद्ध आला नाही तर समिती माझी नोंदणी थांबवेल. मी सरळ खाली ऑफिसात गेले आणि अर्ज दिला. परिचर पंजाबराव मुनेश्वर माझ्या प्रयोगात मुद्दाम ढवळाढवळ करतात, चौकशी व्हावी. आवक क्रमांक पडला. सप्टेंबरात ते निवृत्त होणार आहेत, एकतीस वर्षांच्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नाही, हे मला माहीत होतं. तरी दिला. आज लिहितानाही लाज वाटते.

राठोड सरांनी त्यांना माझ्यासमोरच बोलावलं आणि अर्ज वाचून दाखवला. पंजाबरावांनी जाऊन ती वही आणली आणि टेबलावर उघडून ठेवली. पाच तारखा होत्या. चार तारखांपुढे लिहिलं होतं, कुलर चालू. एका तारखेपुढे, कुलरची मोटर जळाली, बंद.

"मी काई शिकलेला माणूस नाही, साहेब," ते म्हणाले. "मले शंका येते, अन् शंका आली का मी लिहून ठेवतो. पाचातला कोणता चांगला निघाला, ते मॅडमले विचारा."

विचारायची गरज नव्हती. मोटर जळाल्याच्या दिवशी मी घामाघूम होत, वीजवाल्याला शिव्या देत केलेला तो एकच नमुना एका उंचवट्याचा आला होता. ती माझ्या हातची करामत, असं मी सगळ्यांना सांगत फिरले होते. उघड्या बरणीसमोर ओल्या वाळ्यातून येणारी गार हवा, आणि माझी पावडर मुळातच पाण्याची हावरी. वैदर्भीय बाई मी, कुलरशिवाय मे महिना असतो हेच मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुलर बंद ठेवून प्रयोग केला. घाम पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला. आठ दिवसांनी नागपूरहून आलेख आला. एकच उंचवटा, सरळ, स्वच्छ. तो हातात घेऊनच मी पंजाबरावांकडे गेले. ते स्टुलावर बसून बुचांवर तारखा टाकत होते. मी माफी मागितली, आणि अर्ज आजच मागे घेतला असंही सांगितलं.

त्यांनी मान वर केली नाही. "मागं घेतल्याचा काई कागद आहे का?"

मला ते लागलं. मी म्हटलं, काका, माझ्या शब्दावर विश्वास नाही का?

"तुमचा होता का माह्यावर?"

मी खाली ऑफिसात गेले. माझ्या अर्जावर 'मागे घेतला' असा शेरा, सही आणि शिक्का घेऊन त्याची प्रत आणली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि घडी करून खिशात ठेवली. मग कुलरपाशी जाऊन त्याचा प्लग काढला. बटण सकाळपासून बंदच होतं.