अडलेलं काम कुणी घ्यायचं नाही

माझ्या वडिलांनी लासूर स्टेशनला एका आडत्याकडे बावीस वर्षं पोती वाहिली. उजवा खांदा कायमचा गेला तेव्हा ते घरी बसले. आई शाळेत खिचडी शिजवायची, आणि पातेल्यात उरलेली खिचडी हेच बऱ्याचदा आमचं संध्याकाळचं जेवण असायचं. त्या घरातून मी इंजिनियर झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही.

वाळूजच्या कारखान्यात मुलाखतीला गेले, तर माझी मार्कशीट कुणी उघडलीच नाही. समोर तपासणी विभागाचे प्रमुख बसले होते. त्यांना सगळे नाना म्हणत. साठीला टेकलेले, मूळचे कन्नडकडचे, खिशाला साखळीनं अडकवलेला पितळी शिक्का. त्यांनी वडिलांचं काम विचारलं. मग विचारलं, आडत्याच्या काट्यावर वडिलांनी कधी खोट पाहिली का? मी म्हटलं, रोज. आडत्या काट्याला गुडघा लावायचा. मग बोलले का नाहीत? मी म्हटलं, बोलले असते तर दुसऱ्या दिवशी काम मिळालं नसतं.

“एकटे बोलले असते तर,” नाना म्हणाले, आणि मला नोकरी मिळाली.

आम्ही हेलिकॉप्टरच्या चाकांसाठी पिना बनवायचो. मशिनवरून उतरलेली पिन गरम असते, आणि गरम धातू केसभर फुगलेला असतो. तेव्हा मोजली तर माप बरोबर भरतं. थंड झाल्यावर तीच पिन सैल बसते. घाई असली की बाकीचे गरमच मोजून मोकळे होत. नाना पिन ग्रॅनाइटच्या फरशीवर ठेवत आणि म्हणत, “जॉबला ताप हाय. उतरला की बघू.” मशिनवरचे रफिकभाई विचारायचे, नाना, गोळी देऊ का तापाची? नाना हसत, पण पिन थंड व्हायच्या तासाभरातलं एक मिनिटही कमी करत नसत. पिन मोजून झाली की शिक्का स्वतःच्या हातानं मारायचे. मला म्हणायचे, “वर हेलिकॉप्टरात बसणाऱ्याला आपलं नाव ठावं नसतं, पोरी. त्यानं शिव्या द्यायच्या तरी कुणाला?”

पण आमच्या शिक्क्यानं माल बाहेर जात नसे. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचा तपासनीस यायचा, त्याची सही लागायची. त्याच्यासाठी जे करावं लागे त्याला वाळूजमध्ये ‘पाहुणचार’ म्हणत. हिमरू शालीची पेटी, आंब्याच्या दिवसात आंबे, पेटीत तळाशी पाकीट. तपासनीस आत बसलेला असताना त्याच्या गाडीची डिकी बाहेर उघडी राहायची, एवढंच. कुणी काही मागत नसे, कुणी काही दिलं असंही म्हणत नसे. नाना त्याच्यासमोर आपला डबा उघडून अर्धी भाकरी पुढं करत. तो हात लावत नसे.

ज्यानं पाहुणचार केला नाही त्याचा माल अडायचा, आणि ते काम शेजारचा कारखाना उचलायचा. नानांचं म्हणणं होतं की खरी गोम तपासनिसात नाही, त्या शेजाऱ्यात आहे. म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ते स्कूटर काढून कारखान्या-कारखान्यांतून फिरू लागले. सोबत स्वतःच्या अक्षरातला एक कागद. त्यावर तीन कलमं. चहापाण्यापलीकडे कुणाला काही द्यायचं नाही. कुणी मागितलं तर सगळ्यांना कळवायचं. आणि ज्याचं काम यावरून अडेल, ते दुसऱ्यानं घ्यायचं नाही.

पहिल्या दोन कलमांना मालक लोक मान डोलवत. तिसऱ्याला चष्मा शोधत. आमच्याच गल्लीच्या टोकाला ज्यांचा कारखाना होता, ते भाऊसाहेब म्हणाले, “नाना, आम्ही धंदा करायचा का भजन?”

“पहिली दोन नुसती शोभेची हायत,” नाना म्हणाले. “तिसऱ्यावर सही करा, नायतर चहा पाजा अन् मला मोकळं करा.”

भाऊसाहेबांनी चहाही पाजला आणि सहीही केली. वर्षभरात नऊ सह्या झाल्या. आमच्या मालकांची त्यात होतीच.

पहिला माल अडला तो आमचाच. तपासनिसानं चहा घेतला, उघडी डिकी स्वतः बंद केली, आणि आठवड्यानं कागदपत्रांत त्रुटी असल्याचं पत्र आलं. ती दुरुस्त केली की दुसरी निघे. तिसऱ्या महिन्यात काम नाही म्हणून चार मशिनं बंद ठेवावी लागली. रफिकभाई आणि आणखी सहाजण घरी बसले. मग एका दुपारी भाऊसाहेबांच्या फाटकातून टेम्पो निघताना मी पाहिला. खोक्यांवर आमच्याच पिनेचा नंबर होता.

नाना जेवत होते. मी सांगितलं, त्यांनी डबा झाकला आणि आम्ही दोघं चालत गेलो. भाऊसाहेबांनी खुर्च्या पुसून दिल्या. नाकबूल काही केलं नाही. “नाना, माझ्या जिवावर तीस घरं हायत,” एवढंच म्हणाले.

“व्हय,” नाना म्हणाले. “रफिकचंबी घर हाय.” मग उठले.

आमच्या मालकांचाही धीर सुटला. त्यांनी नानांना बोलावून वयाचा विषय काढला. निरोप समारंभ नको, असं नानांनीच सांगितलं. तपासणाऱ्यानं नोकरी सोडली की त्याच्या नंबराचा शिक्का नष्ट करायचा, असा आमच्याकडे नियम आहे. तो नंबर पुन्हा कुणाला मिळत नाही. नानांनी साखळीतून शिक्का काढला आणि माझ्या हातात ठेवला. मी तो ग्राइंडरवर धरला. ते शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, “नीट घास. नंबर दिसाय नको. उद्या कुणी वाईट कामावर मारला, तर नाव माझं जाईल.”

मी राजीनामा दिला नाही. माझ्या पगारावर घर चालत होतं. नानांनीही ते मला कधी विचारलं नाही.

पुढं दोन वर्षांत त्यांना घशाचा आजार झाला. मी हर्सूलला त्यांच्या घरी जायची. दर वेळी अंग थोडं कमी झालेलं असे. त्याच सुमारास भाऊसाहेब मला शोधत आले. तपासनिसानं त्यांच्याकडे दुप्पट पाहुणचार मागितला होता. ते नाही म्हणाले, तर माल अडला आणि काम तिसऱ्यानंच उचललं. त्या कागदाची प्रत तुमच्याकडं हाय का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना हर्सूलला नेलं. ते खुर्चीवर बसले नाहीत, दाराशीच उभे राहिले. नानांना एकेक शब्द काढायला वेळ लागत होता.

“त्याचं नाव सगळ्यात वर घे,” ते मला म्हणाले. “मोडल्यावर काय व्हतं, ते त्याला ठावं हाय.”

त्यानंतर बाराव्या दिवशी नाना गेले. त्या कागदावर त्यांचं नाव कुठंच नाही. सही मालकांनी करायची होती, आणि ते नोकर होते.

आज त्या कागदावर चौदा कारखान्यांच्या सह्या आहेत, पहिली भाऊसाहेबांची. तिसऱ्या कलमातला एक शब्दही बदललेला नाही. तेव्हापासून दोनदा काम अडलं. दोन्ही वेळा ते उरलेल्या तेरा दारांवरून फिरून आलं. कुणीच घेतलं नाही.