देवीसमोरचं दार

"मॅडम, ह्यो दार बंद केला तं देवी नाटक कुठून बगनार?"

बाळारामदादांनी माझ्या ड्रॉइंगवर बोट ठेवलं. बोनकोड्यातलं जुनं नाट्यगृह एसी करायचं काम आमच्या सानपाड्याच्या ऑफिसकडे होतं आणि दादा तिथल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष.

मी आर्किटेक्ट. हे नाट्यगृह गावकऱ्यांनीच बांधलेलं, आजूबाजूला भाताची शेतं होती तेव्हा. जाड दगडी भिंती, वर सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोण. त्यामुळे मध्ये एकही खांब नाही. कुठेही बसा, नट दिसतोच. मी या वास्तूच्या प्रेमातच पडले होते. फक्त प्रेक्षकांच्या पाठीमागचं ते मोठं दार बरोबर स्टेजसमोर का, हे कळत नव्हतं. कागदावर मी ते खुशाल विटांनी बुजवलं होतं.

आता कळलं. दाराच्या रेषेत, रस्त्यापलीकडे गावदेवीचं देऊळ होतं. जत्रेचं नाटक दार उघडं ठेवूनच व्हायचं.

"दार नसंल तं आमी बाहेर मांडव घालून नाटक करू," दादा म्हणाले. "तुमचा एसी तुमाला लखलाभ."

नाट्यगृह गावाचं आणि गावचंच नाटक बाहेर! मला फार वाईट वाटलं. ऑफिसमधल्या सरांना फोन लावला.

"दार उघडं ठेवून एसी? अख्खं गाव गार करायचंय का?"

"काचेचं दार लावू, सर. डबल काच. गारवा आत राहील, देवीला सगळं दिसेल."

सर कसेबसे हो म्हणाले. दादांनी नवं ड्रॉइंग निरखून पाहिलं.

"दिसंल. पन आयकू कसा येनार?"

मी कपाळाला हात लावला. मग हसूच आलं. मुकं नाटक कोण बघेल? देवळाच्या ओसरीवर स्पीकर बसवला, स्टेजच्या माइकला जोडलेला.

जत्रेचं नाटक आतच झालं. दादा सासऱ्याच्या भूमिकेत होते. एन्ट्रीला त्यांनी समोर देवीला नमस्कार केला आणि पहिल्याच वाक्याला हशा घेतला. मी सहज मागे वळले. काचेपलीकडे देवळाच्या पायऱ्या गच्च भरल्या होत्या. गुडघे धरलेल्या आज्या, तान्ही मुलं घेतलेल्या बाया, स्टॉल सोडून आलेले खेळणीवाले. सगळे पोट धरून हसत होते. इतका आनंद मला कुठल्याच उद्घाटनात झाला नव्हता.

"हे सगळे दरवर्षी असतात?" मी नंतर दादांना विचारलं.

"मंग? देवी काय एकटी नाटक बगते?"

हल्ली कुठलंही नाट्यगृह हातात आलं की खुर्च्या मोजण्याआधी मी विचारून घेते, तिकीट न काढता कोण कोण बघतं?