आईकडून

डोंबिवलीत भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून दगडूने तीस वर्षं नावं कोरली. लग्नातलं भांडं नावाशिवाय घरी जात नसे. मशीन आलं तरी हा छिन्नी-हातोडीच चालवायचा. "मशीनचं नाव म्हणजे ओरखडा. माझं तीन पिढ्या घासलं तरी जाणार नाही," असं गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गर्व होता त्याला, आणि तो खरा होता.

त्या तीन पिढ्या आल्याच नाहीत. तांबं गेलं, स्टील आलं, मग चीनहून नॉनस्टिक आलं आणि दोन वर्षांत कचऱ्यात जाऊ लागलं. कचऱ्यात जायच्या वस्तूवर नाव कोण घालणार? आपल्याला तांबं घासायची लाज वाटू लागली आणि नेमकी तेव्हाच परदेशी हॉटेलांना जुन्या घागरी शोभेला ठेवायची हौस आली. फक्त वर कुणाचं नाव नको. आमची नावं त्यांच्या डोळ्यांना खुपतात. मला याचा संताप येतो, पण मोडीत तर आपणच घातलं.

ठाण्यात खोपटच्या भंगारवाल्या गोपीनाथने हा माल गोळा करायला घेतला आणि नावं खोडायला दगडूला ठेवलं. कोरणाऱ्याइतकं नीट कोण खोडणार?

एका दुपारी पोत्यातून घागर निघाली. 'चि. सौ. उत्तरा हिस आईकडून.' उत्तरा त्याची मुलगी. त्याची बायको रमाबाई उत्तराच्या लग्नाआधी महिनाभर अंथरुणाला खिळलेली होती. तिने सांगितलं आणि त्याने उशाशी बसून कोरलं. लग्न तिने पाहिलं नाही.

त्याने उत्तराला फोन लावला. तो राहायचा तिच्याचकडे, ठाकुर्लीला. घागर परत आणायची तर ठेवायची तिच्याच घरात.

"बाबा, ती मीच मोडीत दिलेली, नॉनस्टिकचा सेट घेतला तेव्हा," ती म्हणाली. "तिला कोण घासत बसणार? परत आणू नका हां."

दगडूने ग्राइंडर लावला. 'उत्तरा' लगेच गेली. 'आईकडून' मात्र जाईना, तिथे त्याने जास्त जोर लावलेला.

"दाबा जरा. नाव दिसलं तर माल परत येतो," गोपीनाथ म्हणाला.

त्याने दाबलं. तांबं तापलं, पातळ झालं आणि बोटभर भोक पडलं. गोपीनाथने घागर उचलून उजेडात धरली, मग भंगारात टाकली.

"कुणी एवढं खोल कोरलेलं हे?"

"असेल कुणीतरी," दगडू म्हणाला, आणि त्याने पोत्यात हात घातला.