आसिर संपला, असं कॅप्टन इंशिराहचं म्हणणं

विमान चालवतो तोही कॅप्टन आणि गाडी शिकवतो तोही कॅप्टन, आमच्या अलेक्झांड्रियात त्यात फारसा फरक करत नाहीत. इंशिराहला मात्र सगळा सीदी बिश्र भाग कॅप्टन म्हणायचा तो जरा जास्तच मनापासून. बायकांना गाडी शिकवणारी बाई म्हणून तिने सुरुवात केली तेव्हा लोक वळून वळून बघत. आता तिच्याकडे शिकलेल्या बायकांच्या मुली शिकायला येत होत्या आणि गाडी तीच होती, पांढरी जुनी फियाट, शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असलेली.

त्या गाडीत शिकायचं तर आसिर वहदान ऐकावा लागे. दुसरा कुणी गायक तिथे चालत नसे. विद्यार्थिनीने क्लच चुकवला, गाडी गचके खाऊन बंद पडली, मागून टॅक्सीवाले शिव्या घालू लागले, तरी कडवं संपेपर्यंत कॅप्टन बोलायची नाही. कडवं संपलं की शांतपणे म्हणायची, "हं, आता चावी फिरव. आणि रडू नकोस, तो रडतोय तेवढं पुरे."

आसिरचा पहिला अल्बम आला तेव्हा ती कॉलेजात होती. तेव्हापासून त्याचं लग्न, घटस्फोट, घशाचं ऑपरेशन, केसांचं रोपण, सगळं तिने घरचं असल्यासारखं सोसलं. नवरा रिफअत ट्रामवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त. त्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण बायको काय बोलली ते तो कधी विसरायचा नाही, आणि संसारात हा गुण फार त्रासदायक.

त्या हिवाळ्यात आसिरचा नवा अल्बम आला. नाव होतं 'पुन्हा नवा'. नावावरूनच इंशिराहची मान हलली. "जुन्यात काय वाईट होतं?" असं ती स्वयंपाकघरात कढईतल्या फलाफलला विचारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मीनची शिकवणी होती. नर्मीन बँकेत काम करणारी मुलगी, लग्न ठरलेलं, होणाऱ्या नवऱ्याच्या आधी परवाना मिळवायचाच अशा जिद्दीने शिकत होती. समुद्र खवळलेला, लाटा कठड्यावरून रस्त्यावर येत होत्या. कॅप्टनने फोन गाडीच्या टेपला जोडला आणि अल्बम लावला. पहिलं गाणं संपेपर्यंत ती गप्प बसली. दुसऱ्यात एक कोवळा पोरगा मध्येच घुसून भराभरा बोलू लागला. तेवढ्यात सिग्नल लाल झाला, आणि कॅप्टनचा बांध फुटला.

"हा कोण? भाजीची यादी वाचतोय का? आणि आसिरचा आवाज ऐकलास? बादलीत तोंड घालून गायल्यासारखा येतोय. तीस वर्षं मी ह्या माणसाचा श्वास ओळखते, श्वास! इथे श्वासच नाही, नुसतं यंत्र. पूर्वी हा चार मिनिटं तळमळायचा तेव्हा कुठे त्या मुलीचं नाव घ्यायचा. आता पहिल्या ओळीत नाव घेतो आणि दुसऱ्या ओळीत ती सोडूनही गेलेली! ऊद वाजवणारा कुठे गेला? व्हायोलिनवाल्यांना काय घरी पाठवलं? संपला. आसिर संपला. त्याने आता घरी बसावं, नातवंडं खेळवावीत."

"त्यांना नातवंडं आहेत?"

"नाहीत. तेही बघितलं पाहिजे कुणीतरी. अगं, हिरवा झाला, हल की!"

नर्मीनने कानामागे केस सारावेत तसा हळूच आपला फोन पुढे सारला होता. हे बोलणं तिने त्यात रेकॉर्ड केलं आणि बहिणीला पाठवलं. बहिणीने मैत्रिणींना पाठवलं. पुढच्या शिकवणीला नर्मीन आली ती चेहरा पाडून.

"कॅप्टन, रागावू नका. तुमचं ते बोलणं... सगळीकडे गेलंय. लोक खूप हसतायत. रेडिओवाले तुमचा नंबर मागतायत."

इंशिराहने तिच्याकडे रोखून पाहिलं. नर्मीनला वाटलं, आता गाडीतून उतरवणार.

"मला न विचारता?"

"चुकलंच माझं."

"चुकलंच. पुन्हा असं केलंस तर परीक्षेला मी नाही येणार बरोबर." मग आरशात बघत, "आवाज कसा आलाय माझा?"

घरी हे कळलं तेव्हा रिफअत डाळीचं सूप भुरकत होता. "रेडिओवर जाणार? आणि काय सांगणार?"

"खरं ते सांगणार. संपला तो."

"हे तू त्याने इलेक्ट्रिक गिटार आणली तेव्हाही म्हणाली होतीस. आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस, जशी काही गिटार मीच विकत घेऊन दिली. आता त्याच अल्बमला सोनं म्हणतेस."

"ते वेगळं होतं."

"आखातातल्या लोकांच्या खलिजी बोलीत गायला तेव्हाही."

"रिफअत, सूप गार होतंय."

"दाढी ठेवली तेव्हा तर अल्बमही नव्हता," रिफअत सुपाकडे बघत म्हणाला.

रेडिओच्या सकाळच्या कार्यक्रमात तिला फोनवर घेतलं. निवेदक होता इयाद, चुरचुरीत बोलणारा तरुण. इंशिराह बैठकीत ताठ बसली होती, बाहेर जायचे कपडे घालून, ओठांना लालीसुद्धा. रेडिओवर कोण बघणार आहे, असं रिफअतला विचारावंसं वाटलं, पण त्याने जीव वाचवला.

इयादने आधी तिचं बोलणं वाजवलं. स्टुडिओत हशा झाला. मग अल्बममधलं चौथं गाणं थोडं वाजवलं आणि म्हणाला, "ऐकलंत ना श्रोतेहो? मला तर वाटलं म्हातारी बोट बंदरात शिरतेय! कॅप्टन, तर मग आसिरने आता घरी बसावं, नाही का?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच की. आत्ताच ऐकवलं."

"मी म्हणाले. तू कशाला म्हणतोस?"

इयाद हसला, पण हसू जरा अडखळलं. "नाही, म्हणजे... तुमच्याशी सहमतच आहे मी."

"माझ्याशी सहमत व्हायला तू ऐकलंयस काय त्याचं? बाळा, तुझ्या आईबापाच्या लग्नात कुणाचं गाणं वाजलं होतं?"

"आसिरचंच," इयाद म्हणाला.

"मग? बोट म्हणे! त्या बोटीतूनच आलास तू. त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की पुन्हा गाणं नाही. तो परत उभा राहिला. तुला सर्दी झाली तर तू सुट्टी घेत असशील. अल्बम वाईट आहे, हे मी म्हणेन, कारण मी सगळे विकत घेतलेत, पाऊस असो, परीक्षा असो, पोटात पोर असो. तू फुकट ऐकतोस आणि वर हसतोस?"

तेवढ्यात एका बाईचा फोन आला. तिने कॅप्टनला शाबासकी दिली आणि ओघात म्हणाली, तसा आसिर थकलाच आहे हो आता. कॅप्टनने तिचाही समाचार घेतला. इयादने घाईघाईने जाहिराती लावल्या.

रिफअत सोफ्यावर बसून डोळे पुसत होता, हसून हसून. "तू बोलायला गेलीस काय आणि बोललीस काय!"

इंशिराहला मात्र एक गोष्ट टोचत होती. ज्या चौथ्या गाण्यासाठी ती भांडली, ते तिने नीट ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या गाण्याच्या रागात पुढचं सगळं तिच्या कानावरून गेलं होतं.

दुपारी एक शिकवणी रद्द झाली. तिने गाडी समुद्राकडे तोंड करून लावली आणि ते गाणं लावलं. यात यंत्र नव्हतं. बहुधा विसरले असावेत, किंवा त्यानेच नको म्हटलं असेल. मागे फक्त एक ऊद होता. आसिर खालच्या सुरात गेला आणि तिथे त्याचा आवाज फाटला. पूर्वी तो तिथे सहज उतरायचा, जिना उतरावा तसा. आता कठडा धरून उतरत होता. त्याने ते लपवलं नव्हतं.

इंशिराहने गाणं पुन्हा लावलं. तिलाही हल्ली क्लच दाबताना गुडघा दुखायचा आणि ते ती कुणाला सांगत नसे. आपला राग यंत्रावर नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं. हा माणूस आपल्याबरोबर म्हातारा व्हायला तयार नाही, हा तो राग होता. या गाण्यात मात्र तो म्हातारा झाला होता, तिच्या शेजारच्या सीटवर बसून. ती थोडी रडली. काचेवर टकटक झाली. पोलीस होता.

"बाई, इथे गाडी लावता येत नाही. काही त्रास आहे का?"

"गाणं संपू दे, जाते."

पोलीस वाकून ऐकू लागला. "हा आसिर ना? पार संपला म्हणतात."

"कोण म्हणतं?" इंशिराहने काच पूर्ण खाली केली, आणि त्या पोलिसाला आपण कुठून टकटक केली असं झालं.

उन्हाळ्यात आसिरचा कार्यक्रम अलेक्झांड्रियातच झाला. तोवर नर्मीनला परवाना मिळाला होता, तेव्हा तिकिटं तिनेच आणली आणि गाडीही तिनेच चालवली. रिफअत मागे बसला. स्टेजसमोर सगळी कॉलेजची पोरं होती, त्या भाजीच्या यादीवर नाचत होती. इंशिराह हाताची घडी घालून उभी होती, पण तिचे ओठ हलत होते. यादीतला शब्दन् शब्द तिला येत होता.

"पाठ केलंस?" रिफअतने तिच्या कानात ओरडून विचारलं.

"टीका करायची तर पाठ नको?"

चौथं गाणं आलं तेव्हा पोरं पाणी प्यायला, सँडविचं आणायला पांगली. आसिर एका स्टुलावर बसला. त्या खालच्या सुराशी आला आणि थांबला, श्वास घेतला, आणि तो श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. इंशिराहने रिफअतचा दंड घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला तिथली निळी खूण दाखवली.

परत येताना नर्मीनने विचारलं, "मग कॅप्टन, शेवटी अल्बम कसा म्हणायचा?"

"एक गाणं चांगलं आहे. बाकी कचरा." इंशिराहने खिडकीची काच खाली केली. "आणि त्या चौथ्याच्या शेवटच्या कडव्यात त्याने घाई केली आज. दमला होता बिचारा. पुढच्या अल्बमच्या आधी कुणीतरी त्याला सांगायला हवं, जरा आराम कर म्हणून."

"म्हणजे पुढचाही घेणार तू?" मागून रिफअत म्हणाला.

"तू गप्प बस. नर्मीन, तिसरा गिअर टाक, ट्रामच्या मागे किती वेळ रांगणार आहेस?"