भाकरी-जवळ्याचा केक

गौराबाईचा वाढदिवस एक जूनला. म्हणजे आधार कार्डावर तसा आहे. खरा कधीचा, ते तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. कर्जतजवळ कळंबच्या बाजूला ज्या रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात गौराबाई आणि उमा कामाला होत्या, तिथल्या निम्म्या बायांचा वाढदिवस एक जूनलाच यायचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख सगळ्यांना जन्मभर पुरली होती. मॅनेजर सगळ्यांत मिळून एक केक आणायचा, स्वतःच कापायचा, आणि बाया तोंडावर पदर धरून हसायच्या.

शनिवार-रविवारी गौराबाई रिसॉर्टच्या अंगणात चुलीपुढं बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायची. पाहुणे मोबाईलवर तिच्या हातांचं शूटिंग करायचे. तोंडाचं कुणी करत नसे. "बरं हाय, माजे काळे दात तरी जगाला दिसत नाय," असं ती उमाला म्हणायची. भाकऱ्या संपल्या की दोघी स्वयंपाकघरामागं बसून मिसरी लावायच्या. हाताखाली काम शिकायला आलेल्या उमाला पहिली चिमूटही गौराबाईनंच दिली होती, आणि तिथूनच त्यांची मैत्री जुळली होती.

गेल्या हिवाळ्यात गौराबाईच्या गालात आतून जखम झाली. ती भरेना म्हणून तपासलं, तर कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी मिसरीचं नाव घेतलं. त्या दिवशी उमानं घरी येऊन आपली डबी मोरीत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी तिनं तव्यावर तंबाखू भाजली आणि नवी मिसरी करून ठेवली. हे तिनं गौराबाईला सांगितलं नाही.

मे महिन्यात किरणांचा शेक सुरू झाला. गौराबाईचा मुलगा जितेश कशेळे-कर्जत रस्त्यावर जीप चालवायचा, तो भाडं सोडून आईला मोठ्या दवाखान्यात नेई. शेकानं गौराबाईचं तोंड आतून सोलून निघालं. पाण्याचा घोट गिळतानाही डोळे भरून यायचे. वजन इतकं उतरलं, की डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: नाकातून नळी घालून पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर शेक थांबवावा लागेल. आणि शेक थांबला तर पुढं काय, ते विचारायची गरज नव्हती.

गौराबाई नळीला तयार होईना. तिच्या सासूला शेवटी नळी घातली होती आणि ती नळीसकटच गेली होती.

"नळीवाली बाई परत ताटावर बसत नाय," ती म्हणाली. जबडा उघडत नव्हता, शब्द दातांच्या फटीतून यायचे.

"मग तोंडानं खा," उमा म्हणाली. "काय खावंसं वाटतं, बोल."

"भाकरी. नि जवळा. कांदा घालून, चरचरीत."

"मेलीस तरी तुजी जीभ मरायची नाय गं बाय."

गौराबाई हसायला गेली आणि गाल धरून बसली.

घरी जाताना उमाच्या मनात ते घोळत राहिलं. भाकरी-जवळा तर द्यायचाच, पण गोड, मऊ आणि थंड. एक जून तोंडावर आला होता. बघितल्याबरोबर गौराबाईला खायची वासना होईल, चार चमचे पोटात जातील, रोज तसंच काहीतरी केलं तर नळी टळेल. तिनं लेकीला, हर्षलाला, सांगितलं, तर ती डोळे मोठे करून बघत राहिली.

"आई, लोक बार्बीचा केक करतात, गाडीचा करतात. तू सुकटीचा करणार?"

"करणार. नि भट्टी लागत नाय त्याला. तू बिस्किटं कूट."

घरच्या दह्याचा चक्का रात्रभर टांगून ठेवला होता. त्यात साखर आणि बिस्किटांचं पीठ मळून उमानं भाकरी थापली, अगदी पाण्याचा हात लावून, आणि कोकोच्या बोटांनी तिच्यावर तव्याचे डाग पाडले. दुधात भिजवलेल्या शेवया केशरी करून बारक्या सुक्या कोळंबीसारखा जवळा केला. एकेका शेवईला सब्जाचा काळा डोळा लावत ती बसली, तेव्हा हर्षलालाही राहवलं नाही, तीही डोळे लावायला बसली. शहाळ्याच्या मलईचा कांदा कापला. तिखटाचा एक कण कशाला लागू नये म्हणून उमानं आधी पाटा, सुरी, हात सगळं तीन-तीनदा धुतलं होतं.

एक जूनला उमानं गौराबाईच्या घरी ताट तिच्यासमोर ठेवलं. गौराबाईनं भाकरीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कड जाड झाली," ती म्हणाली.

"तुज्यासारखी यायला तुजे हात कुठं हायत?"

जितेश हसला. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. गौराबाईनं जवळ्याचे डोळे बघितले, भाकरीचा तुकडा मोडला, त्यात थोडा जवळा घेतला आणि दातांच्या फटीतून आत सारला.

पुढच्याच क्षणी तिच्या घशातून असा आवाज आला, की उमाच्या अंगावर काटा आला. गौराबाई तोंड धरून पुढं वाकली, घास बाहेर आला, त्याबरोबर लाल लाळ.

"मिरची नाय गं त्यात! शपथ, एक कण नाय!"

जितेशनं बोटावर भाकरी घेऊन चाखली. "मावशी," तो हळूच म्हणाला, "आंबट हाय."

साखर घालून उमानं चाखली होती, तिला ती गोडच लागली होती. तिच्या तोंडात जखम नव्हती. ती भिंतीला टेकून बसली. जितेश आईला गार पाण्यानं चूळ भरायला मदत करत होता, तिकडं बघायची हिंमत तिला होईना. बऱ्याच वेळानं तिनं ताट उचललं.

"कुठं नेतेस?"

"टाकते."

"डोळे लावत बसलीस नि टाकतेस?" गौराबाईनं श्वास घेतला. "ते नळीतनं जाईल का रं, जितेश?"

जितेशनं हो म्हणून मान हलवली.

"मंग घाल म्हणावं नळी. पर पयलं हेच."

दुसऱ्या दिवशी नळी घातली. उमानं ताटातलं सगळं दूध घालून मिक्सरमध्ये फिरवून डब्यात आणलं होतं. सिस्टरनं डबा उघडून वास घेतला, काय आहे ते विचारलं.

"भाकरी-जवळा," उमा म्हणाली, आणि सिस्टरचं तोंड बघून घाईनं खरं काय ते सांगितलं. सिस्टरनं ते दोनदा गाळलं. गाळणीत काळे डोळे तेवढे राहिले.

सिरिंज वर धरली तसं फिकट तपकिरी पाणी नळीतून सावकाश उतरू लागलं. गौराबाईनं डोळे मिटले होते. रिकामं तोंड हळूहळू चावल्यासारखं हलत होतं. जितेशनं ते पाहिलं आणि तो व्हरांड्यात निघून गेला.

"काय लागतंय का गं?" उमानं विचारलं.

"नाय." थोड्या वेळानं तिनं छातीवर हात ठेवला. "इथं गार लागलं."

सिस्टरनं दुसरी सिरिंज भरली.

"कांदा पन हाय यात?"

"हाय."

"मंग होऊ दे," गौराबाई म्हणाली.