माहितेय काकूंचा गुलाब

त्यांचं खरं नाव हजेरीपुरतं. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे बाटल्यांत रोपं वाढवण्याच्या, त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना माहितेय काकू म्हणत, आणि तेही तोंडावर. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की काकूंचं "माहितेय" ठरलेलं. बरं, बहुतेक वेळा त्यांना माहीत असायचंही, हीच तर पंचाईत. चिमट्याने कोवळा कोंब धरायचा, पात्याने कापायचा, बाटलीतल्या पारदर्शक जेलीत उभा करून झाकण लावायचं, या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नव्या मुलींना त्याच शिकवत. काळं पडलेलं रोप दिसलं की बाटली लगेच डब्यात आणि डबा कुकरमध्ये, उगाच हळहळत बसायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. कुकर म्हणजे वाफेचं मोठं यंत्र. खराब बाटल्या त्यात उकळून मगच धुवायला जात.

घरी मात्र "माहितेय" चालत नसे, कारण घरी मामंजी होते. काकूंचे सासरे, जन्मभर शिंपीकाम केलेले. सासूबाईंनी दाराशी लावलेला पांढरा वेलगुलाब म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सासूबाई गेल्या, वेल राहिला. सकाळचा चहा ते त्याच्याशेजारी बसून पीत आणि घरातल्या सगळ्यांची गाऱ्हाणी त्याला सांगत. काकूंची जरा जास्तच.

यंदा वेलाच्या मुळांना रोग लागला. फांद्या वाळत चालल्या, मातीत लावलेली कलमं कुजली. तेव्हा काकूंनी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारून त्याचे कोंब तिथे नेले. मामंजींनी नाक मुरडलं.

"बाटलीत औषध ठेवतात. झाड कधी कुणी ठेवलंय?"

"बघाच तुम्ही, मामंजी. याच वेलाचं रोप तुमच्या दारात लावून दाखवते."

आता शब्द गेला होता. बाटल्यांत कोंब फुटले, हिरवेगार झाले. रोज त्यांचं तोंड बघितल्याशिवाय काकू जेवायच्या नाहीत. मग बहिणीच्या आजारपणासाठी त्यांना रजा घ्यावी लागली, आणि नेमकं त्याच दिवसांत प्रयोगशाळेत नवे एलईडी दिवे आले.

परतल्या त्या सकाळी मॅडम दारातच भेटल्या. "काकू, बरं झालं आलात. नव्या दिव्यांचा पहिला मान तुमच्या गुलाबाला दिलाय. फक्त एक लक्षात ठेवा, त्या उजेडात पानं..."

"माहितेय," काकू म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या.

आतल्या खोलीत एका मांडणीभोवती जाड काळा पडदा लावला होता. काकू पडद्याआड शिरल्या. वर लाल आणि निळ्या दिव्यांच्या पट्ट्या, खाली सगळीकडे जांभळट गुलाबी उजेड. आणि त्या उजेडात त्यांची रोपं काळी ठिक्कर. पानं काळी, देठ काळे, एकही त्यातून सुटलेलं नाही. दिव्यांनी भाजून काढली माझी रोपं, एवढंच त्यांच्या मनात आलं. दिवे लावणाऱ्या वायरमनच्या सात पिढ्यांचा त्यांनी मनातल्या मनात उद्धार केला. कुणाला विचारावं? छे. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आता काय विचारायचं?

स्वतःचाच धडा त्यांनी पाळला. पडद्याआडच, भरल्या डोळ्यांनी, एकेक बाटली डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. पुन्हा बघायची हिंमत नव्हती. डबा कुकरपाशी नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन घरी फोन लावला. हे लपवून ठेवणं त्यांना जमलं नसतं.

"मामंजी, गुलाब गेला. सगळा काळा पडला. माझ्या हातून वाचला नाही."

पलीकडून फक्त, "बरं. येतो," आणि फोन बंद.

बाटल्या धुणाऱ्या वहिनी कुकर भरायला लागल्या. काकूंनी त्यांचा हात धरला. "एवढा डबा राहू दे गं. मामंजी येतायत. एकदा दाखवते, मग घाल." वहिनींनी काकूंना असं विनवताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने डबा बाजूला सरकवला.

मामंजी आले ते छातीशी एक ओलं फडकं धरून. "कुठंय?" म्हणाले. काकूंनी डब्याकडे बोट केलं आणि तोंड फिरवलं.

शिंप्याची खोड काही जात नाही. कापड असो की दोरा, दुकानातल्या दिव्याखाली त्यांनी रंग कधी पारखला नाही, दारात नेऊनच बघायचे. आताही त्यांनी डब्यातली बाटली काढली, तडक खिडकीशी नेली आणि उन्हात धरली.

"सूनबाई, हा काळा रंग?"

काकूंनी मान वळवली. बाटलीत पोपटी पानं. खाली जेलीत पांढरी मुळंसुद्धा सुटलेली. त्यांनी दुसरी बाटली काढली, तिसरी काढली. सगळी हिरवी. काकू तिथेच स्टुलावर बसल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. वहिनी दाराआड तोंडाला पदर लावून हसत होत्या, ते वेगळंच.

"अहो, मग फडक्यात काय आणलंत?" जिवात जीव आल्यावर काकूंनी विचारलं.

मामंजींनी फडकं उलगडलं. वेलाची हिरवी फांदी होती, तिरकी कापलेली. ओल्या कापसात देठ नीट गुंडाळलेला.

"ही तर शेवटची," काकू म्हणाल्या. "मागे काही ठेवलंत का?"

"नाही. वेलावर आता काही नाही. तू म्हणालीस सगळं गेलं. म्हटलं, हिला पुन्हा सुरुवात करावी लागेल, तर हातात काहीतरी हवं." त्यांनी फांदी पुढे केली. "मातीवर माझा भरवसा नव्हता. तुझ्यावर होता."

काकूंनी दोन्ही हात पुढे करून फांदी घेतली.

तेवढ्यात मॅडम आल्या. टेबलावरच्या बाटल्या, उघडा डबा, काकूंचे लाल डोळे, सगळं त्यांच्या लक्षात आलं. "काकू, मी सकाळी तेच सांगत होते. त्या उजेडात हिरवी पानं काळी दिसतात, कारण..."

"सांगा, मॅडम," काकू म्हणाल्या, आणि स्टूल पुढे ओढून बसल्या. "अगदी पहिल्यापासून सांगा."