सूर्य पाहायचं काळं भिंग

शिवणाच्या डब्यात काल बटणांखाली नाण्याएवढं, चिरलेलं काळं भिंग सापडलं आणि जुनी गोष्ट आठवली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला ग्रहतारे पाहायचं वेड लागलं. हे म्हणाले, "आधी आकाशाचं पुस्तक घे, मंग दुर्बीन." पण शहाण्या बाईसाहेबांनी दुर्बीणच मागवली, कारण सोबत सूर्य पाहायचं भिंग फुकट होतं. पार्सल भर दुपारी आलं. रात्रीपर्यंत थांबेल ती मी कसली! बालाघाटच्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर जाऊन दुर्बिणीला भिंग बसवलं, उजवा डोळा लावला. केशरी सूर्य पाहून हरखले, तोच टिक आवाज झाला; तापलेलं भिंग चिरलं आणि डोळ्यात पांढरी आग घुसली. मग जिकडे पाहावं तिकडे मधोमध काळा डाग. डोळा चोळतच खाली आले. "डोया काहून चोयून राह्यली वं?" यांनी विचारलं. "कचरा गेला जी." दोन दिवस डावा डोळा झाकून चोरून कॅलेंडर वाचत होते, आकडा काही दिसेना. आंधळी झाले, हे यांना कोणत्या तोंडानं सांगू? तिसऱ्या सकाळी तारीख अख्खी दिसली आणि मी चुलीपाशीच बसून रडले. मग गरीब गाईसारखी यांना म्हणाले, "तुमचंच खरं जी, पुस्तकच आना." बायकोनं आपलं ऐकलं, असं हे अजून पाहुण्यांना छाती फुगवून सांगतात, आणि मी मान डोलावते.